भाडें आणि डागडुजी

पावसाळा तोंडावर आला कीं जुन्या कौलारू वाड्यांतून एक जुनाच प्रश्न निघतो: कौलें चाळावयाचीं कोणीं? पुण्यांतील एखाद्या वाड्याची मालकीण वयोवृद्ध असते; गवंडी-सुतारांच्या मागें हिंडणें तिला झेपत नाहीं. बिऱ्हाडकरू हाताचा हुशार निघाला, तर बोलतां बोलतां ठरून जातें. कौलें त्यानें चाळावीं, पन्हळ साफ ठेवावी, भिंतींना वर्षांतून एकदां चुना द्यावा. भाड्यांत सूट मिळेल. पहिलें वर्ष गोडीनें जातें.

दुसऱ्या वर्षीं हिशेब जुळेनासा होतो. सूट दरमहा ठरलेली, काम मात्र घर मागेल तेवढें! वासा कुजला, नळ गळूं लागला, मोरी तुंबली, कीं हांक त्यालाच. सुटीचा दिवस छपरावर गेला म्हणून त्याची पत्नी कुरकुरते. मालकीण विचारते, भाडें कमी घेतें तें कशासाठीं? दोघींचेंही म्हणणें खोटें नसतें. बिऱ्हाडकरूचें मत कोणी विचारीत नाहीं. तो बहुधा वर छपरावरच असतो.

वास्तविक डागडुजीचा मूळ भार कायद्यानें मालकावर टाकला आहे. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यांत तसें होतें, व त्याच्या जागीं आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांतही तें आहे. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाहीं, तर भाडेकरूनें दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक नव्हे. जेथें भाडेंच जुन्या दराचें, नाममात्र, तेथें त्या चौथाईंत कौलांची एक रासही येत नाहीं. म्हणूनच लोक तोंडी सौद्याकडे वळतात.

सौदा करावयाचाच, तर सूट महिन्यावर नव्हे, कामावर ठरवावी. चुन्याची मजुरी किती, मोरीची किती, हें आधींच लिहावें. सामान मालकानें आणावें. पावती देणें मालकाला बंधनकारकच आहे. ती पूर्ण भाड्याची असावी आणि वजावट तींत निराळी दाखवावी. नाहींतर चार वर्षांनीं खरें भाडें कोणतें, यावरच वाद उभा राहतो.

कौलें चाळण्याचें काम मात्र या सौद्यांतून वगळावें. शेवाळलेल्या कौलावरून पाय निसटला, तर औषधपाण्याचा खर्च कोणाचा, ही ओळ त्या कागदावर क्वचितच असते. तें काम मृग लागण्यापूर्वीं कसबी माणसाकडून रोख मजुरीनेंच करवून घ्यावें.