ओव्हरड्राफ्टची एंट्री: ते पाच लाख कुणाचे?

सांगलीहून एका मैत्रिणीचा मेसेज आलाय. वडिलांच्या हार्डवेअर दुकानाचं टॅली ती बघते. बँकेनं पाच लाखांची ओव्हरड्राफ्ट लिमिट मंजूर केली, तर ती जमा कुठं दाखवायची? बाबा म्हणतात, "खात्यात पाच लाख आलेत, लिही."

थांब, लिहू नकोस. पैसे आलेलेच नाहीत, उचलायची परवानगी आलीये. मंजुरीच्या दिवशी एंट्री शून्य. पाच लाख शिल्लक दाखवली, तर बाबा त्या भरवशावर चेक फाडतील, आणि चेक परत गेला तर प्रकरण कलम 138 पर्यंत जाऊ शकतं.

आता सेटिंग. साधं करंट खातं टॅलीत 'बँक अकाउंट्स' ग्रुपमध्ये असतं, म्हणजे मालमत्ता. ओव्हरड्राफ्टचं लेजर मात्र 'बँक ओडी अकाउंट' ग्रुपमध्ये टाक. तो 'लोन्स लायबिलिटी'खाली येतो, म्हणजे देणं. लेजरमध्येच ओडी लिमिटचा रकाना आहे, पाच लाख तिथं भर. नुसती माहिती म्हणून.

मग व्यवहार. व्यापाऱ्याला 2,00,000 दिले: एफ5, पेमेंट. व्यापारी डेबिट, ओडी खातं क्रेडिट. दहा दिवसांनी गिऱ्हाइकाचे 80,000 आले: एफ6, रिसीट. ओडी खातं डेबिट, गिऱ्हाईक क्रेडिट. देणं उरलं 1,20,000. गल्ल्यातली रोकड भरली, तर एफ4, काँट्रा.

व्याज वापरलेल्या रकमेवर, रोजच्या बाकीप्रमाणे लागतं. दर 12 टक्के धरू. दोन लाखांचे 10 दिवसांचे साधारण 658 रुपये, पुढं 1,20,000 चे 20 दिवसांचे 789. महिन्याचे झाले 1,447. अख्खे पाच लाख तीस दिवस वापरले असते, तर 4,900 च्या वर गेले असते. म्हणून गिऱ्हाइकाचा पैसा आला की त्याच दिवशी खात्यात भरायचा. बँकेनं व्याज कापलं की पेमेंट व्हाउचर: 'ओडीवरील व्याज' डेबिट, ओडी खातं क्रेडिट. प्रोसेसिंग फी वेगळ्या खर्चात टाक, व्याजात मिसळू नकोस.

एक गोंधळ सगळ्यांचाच होतो. बँकेच्या स्टेटमेंटवर बाकी 'डेबिट' दिसते आणि टॅलीत 'क्रेडिट'. दोन्ही बरोबर! बँकेच्या वहीत आपण देणेकरी, आपल्या वहीत बँक धनको. व्यवहार एकच, लिहिणारे दोन. रक्कम जुळते का, ते दर महिन्याला रिकन्सिलिएशन करून बघ.

आणि करंट खात्यालाच लिमिट जोडली असेल, तर नवं लेजर नको. जुनंच आल्टर करून ग्रुप बदल. नाहीतर ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला वजा आकडा बसतो, आणि सीए तोच आधी विचारतो.

बाबांना एवढंच सांग: लिमिट बँकेची, वापरलेलं देणं आपलं, आणि उरलेली लिमिट म्हणजे कमाई नव्हे. तुमचेही असे प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!