तळघरातून पाणी वर चढवायचं तर: रीफ टँकचा रिटर्न पंप

आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. ज्यांच्या सोसायटीत खाली एक टाकी, गच्चीवर एक टाकी आणि मध्ये एक मोटार आहे, त्यांना यातलं निम्मं आधीच माहीत आहे.

माझी ताई आणि भाऊजी ओहायोत राहतात. हॉलमध्ये १२० गॅलनचा, म्हणजे साधारण ४५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक. चार फूट लांब, दोन फूट रुंद. आत जिवंत प्रवाळ, पाच वर्षं वाढवलेले. या टँकला एक दुसरी टाकी जोडलेली असते, तिला सम्प म्हणतात. हीटर, स्किमर, सगळी यंत्रं त्यात. इतके दिवस सम्प टँकखालच्या कपाटात होता. आता त्यांनी तो बेसमेंटमध्ये न्यायचं ठरवलं. कारणं अगदी घरगुती: हॉलमध्ये घरघर नको, फर्निचरवर मिठाचे थर नकोत, पाणी बदलताना बादल्या घेऊन जिना चढायला नको.

वरचं पाणी खाली आपोआप येतं. खालचं वर न्यायला पंप लागतो, तो रिटर्न पंप. भाऊजींनी कॉलवर खोक्याचा फोटो दाखवला. "अरे, हा ताशी १८०० गॅलनचा आहे. आपल्याला हवेत ५००. तिपटीहून जास्त! मागवू ना?"

मी म्हटलं, "अहो भाऊजी, त्याच खोक्यावर मॅक्स हेड किती लिहिलंय?" १२ फूट.

इथे थांबायला हवं. खोक्यावरचा मोठा आकडा असतो शून्य उंचीचा, म्हणजे पंपाला पाणी अजिबात उचलायचं नसताना तो किती फेकेल त्याचा. मॅक्स हेड म्हणजे ज्या उंचीवर प्रवाह शून्य होतो ती उंची. या दोन टोकांमध्ये एक वक्र असतो आणि आपल्याला तो वक्र बघायचा असतो. चांगल्या कंपन्या तो छापतात. जी छापत नाही, तिचा पंप तळघरासाठी घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

मग आपलं हेड किती? ताईने टेप लावून मोजलं. मोजायचं सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टँकमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. पंप सम्पच्या तळाशी बुडवलाय म्हणून हेड वाढत नाही. आडवा पाइप कितीही लांब असला तरी त्याने उंची वाढत नाही. आलं ११ फूट.

आडव्या पाइपमुळे वाढतं ते घर्षण. ताईकडे पाइप आणि एल्बो मिळून हिशोबाला ४५ फूट धरले. ताशी ५०० गॅलनच्या आसपास प्रवाह असेल तर एक इंची पाइपमध्ये घर्षणाचे पावणेदोन फूट जातात. तोच पाइप पाऊण इंची घेतला तर पाच फुटांच्या वर! पाव इंच वाचवायला तीन-साडेतीन फूट जास्तीचं हेड मोजायचं. पाइपचा व्यास दुप्पट केला तर त्याच प्रवाहाला घर्षण जवळजवळ तिसाव्या हिश्शावर येतं. म्हणून पंपावर पैसे टाकण्याआधी जाड पाइपवर टाका. एक इंची पाइप धरून आणि व्हॉल्व्ह, नोझल वगैरेंचं थोडं मिळवून ताईचं एकूण हेड १३ फूट निघालं.

आता १२ फूट मॅक्स हेडचा पंप बघा. ११ फूट तर नुसती उंचीच खाते. उरलेल्या एका फुटात जेमतेम धार. पण मला खरी भीती पुढच्या गोष्टीची वाटते. रीफच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते पंपाच्या गरम भागांवर, इम्पेलरवर थर धरतं. समजा काही महिन्यांत पंपाची ताकद १० टक्के उतरली. कपाटातल्या सम्पवर हे कोणाला कळणारही नाही, धार थोडी कमी होईल इतकंच. तळघरात मात्र १२ चे झाले १०.८, आणि उचलायचेत ११. म्हणजे पंप चालू, आवाज चालू, वीज चालू, आणि वर थेंब नाही. हीटर खाली, स्किमर खाली, आणि वरचा टँक ओहायोच्या जानेवारीत हळूहळू गार होतोय. दोघं ऑफिसात असतील तर संध्याकाळपर्यंत पत्ताही लागणार नाही.

भाऊजींचा दुसरा पर्याय डीसी पंप होता. ॲपवरून वेग कमी-जास्त करता येतो, मॅक्स हेड २० फूट. "७० टक्क्यांवर चालवू, वीज वाचेल." आपल्यासारख्या लोकांना स्लायडर दिसला की मोह होतोच. पण सेंट्रिफ्यूगल पंपाचा नियम असा की हेड वेगाच्या वर्गाने कमी होतं. ७० टक्के वेग म्हणजे ४९ टक्के हेड. २० फुटांचे राहिले ९.८. उचलायचेत ११. पाणी वर येणारच नाही! ७५ टक्क्यांच्या खाली तो स्लायडर त्यांच्या घरात शोभेचाच. डीसी पंप वाईट नाहीत, पण तळघरात त्यांना बहुतेक वेळ जोरातच पळावं लागतं.

शेवटी घेतला तो पाण्याबाहेर बसणारा साधा एसी प्रेशर पंप. खोक्यावर फक्त ११०० गॅलन, पण मॅक्स हेड २४ फूट. वक्रावर १३ फुटांशी बघितलं तर ५०० पेक्षा जास्तच मिळतात. जास्तीचे कमी करायला बाहेर पडणाऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह लावला. येणाऱ्या बाजूला कधीही आवळू नका, पंपाची उपासमार होते आणि तो आतून खराब होतो. आणि आत धातू कुठला ते नक्की विचारा. पितळ, तांबं चालणार नाही. तांबं विरघळलं की प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी सगळं मरतं. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच बेसमेंटमध्ये 'सम्प पंप' नावाचा पंप आधीच बसवलेला असतो. तो जमिनीतलं पाणी बाहेर टाकायला, अधूनमधून चालायला. नावाला भुलून तसला आणू नका.

विजेचं पटकन सांगतो. हा पंप साधारण १०० वॅटचा. चोवीस तास, वर्षभर, म्हणजे ८७६ युनिट. युनिटला १५ सेंट धरले तर १३१ डॉलर. गच्चीची मोटार अर्धा तास चालते, ही कधीच थांबत नाही.

आणि थांबते तेव्हाच खरी परीक्षा. लाइट गेली की वरचं पाणी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या काठावरचं तर येतंच, शिवाय रिटर्नचं नोझल पाण्यात बुडालेलं असतं, तिथून उलटा सायफन सुरू होतो, स्कूटरच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढतात तसा. ताईच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे पाच गॅलन. नोझल दोन इंच खाली, म्हणजे दहा. पाइपातलं आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं धरून १३ गॅलन, जवळपास ५० लिटर. तेवढी मोकळी जागा सम्पमध्ये हवी, नाहीतर खारं पाणी बेसमेंटच्या कार्पेटवर.

"मग चेक व्हॉल्व्ह लावू की," इति भाऊजी. आपले प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतात तो. लावा, पण हिशोबात धरू नका. त्यात एक गोगलगाय किंवा वाळूचा कण अडकला की तो उघडाच राहतो. त्यापेक्षा पाण्याच्या पातळीच्या जरा खाली रिटर्न पाइपला एक बारीक भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते, सायफन तुटतो. फुकटचा उपाय. फक्त त्या भोकात शेवाळ वाढतं, ते महिन्याला साफ करायचं.

उलटी शक्यताही बघा. ओव्हरफ्लो तुंबला आणि पंप चालूच राहिला तर? तो सम्पच्या शेवटच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर नेईल. ताईच्या टँकच्या काठाखाली दीड इंच जागा आहे, म्हणजे साडेसात गॅलन. म्हणून त्या कप्प्यात साडेसातपेक्षा कमी पाणी राहील असाच बाफल लावला. पंप कोरडा पडून जळू नये म्हणून एक फ्लोट स्विच, आणि वरच्या टँकमध्ये बॅटरीवर चालणारा छोटा पॉवरहेड, म्हणजे लाइट नसताना माशांना निदान ऑक्सिजन मिळत राहील.

गेल्या शनिवारी ताईने सगळं चालू केलं आणि पाच मिनिटांनी मुद्दाम प्लग काढला. भाऊजी खाली टॉर्च घेऊन, ताई वर, मी पुण्यातून कॉलवर. सम्पमधलं पाणी साडेचार इंच चढलं आणि थांबलं. काठाला अजून दोन इंच होते. ताईने तिथे मार्करने रेघ मारली आणि म्हणाली, आता चेक व्हॉल्व्ह काढून परत एकदा.

काढून केलं. पाणी रेघेच्या किंचित वर थांबलं. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन लावलेत, सहा महिन्यांनी तो काढून व्हिनेगरमध्ये भिजवायचाय, त्याचं रिमाइंडर मात्र माझ्या फोनवर आहे.

तुमच्या टँकचं हेड काढताना अडलात तर व्हॉइस नोट पाठवा. मोजमाप नक्की सांगा, आणि ते पाण्यापासून पाण्यापर्यंतचं सांगा. भेटू.