एसी घेताना, एसी लावताना

एसी घ्यायला गेलं की दुकानदार आधी खोलीचं माप विचारतो. साधारण 120 चौरस फुटांच्या खोलीला एक टनाचा एसी पुरतो, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकणारा. खोली वरच्या मजल्यावर असेल, स्लॅब दिवसभर तापत असेल, तर दीड टनाचा विचार करा. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरवरही भागतं. कोकणच्या दमट हवेत मात्र तो खोली आणखीच चिकट करतो.

नुसते तारे मोजू नका. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच तारे असलेला एसी आजच्या पाचाच्या बरोबरीचा असेलच असं नाही. लेबलवर वर्षभराचे युनिट छापलेले असतात, ते वाचा. तापमान 24 ते 26 अंश ठेवून वर पंखा लावला की बहुतेकांना पुरेसं होतं.

आणि दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून घ्या’ म्हणणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: गेला कुठे? एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झालाय म्हणजे गळती आहे; आधी ती शोधायला लावा. आर-32 हा आजचा सर्रास वापरला जाणारा गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे हे काम प्रशिक्षित माणसाचंच.

एसीला स्वतंत्र वायरिंग, 16 अँपिअरचं सॉकेट, योग्य एमसीबी आणि अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. प्लग गरम लागला किंवा जळका वास आला, तर एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.