शनिवारचा टोल



संयोजकांनी फर्मावलं, "तू नोकरीत नेमकं काय करतोस, ते पाच मिनिटांत सांग. आम्हाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही." खरं सांगायचं तर माझ्या आईलाही कळलेलं नाही. ती शेजाऱ्यांना सांगते, "तो कॉम्प्युटरच्या गोदामावर असतो." हे अगदी चुकीचं नाही.

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती दिसतात. त्यांतल्या बऱ्याच डेटा सेंटर आहेत. तुम्ही भाजीवाल्याला फोनवरून पैसे देता, रेल्वेचं तिकीट काढता, त्यामागचे सर्व्हर अशाच कुठल्या तरी इमारतीत रात्रंदिवस चालत असतात. ते बंद पडू द्यायचे नाहीत आणि नको त्या माणसाला तिथवर पोचू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

फाटकावर गाडी तपासतात, मग ओळखपत्र, मग बोटाचा ठसा. पुढे दोन दारांची एक लहानशी कोठडी असते. मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, त्यामुळे एकाच्या पाठीला लागून दुसरा आत शिरू शकत नाही. आत प्रत्येक कपाटाला वेगळं कुलूप. आग लागली तर पाण्याने यंत्रं खराब होतील, म्हणून बऱ्याच ठिकाणी वायू सोडून ती विझवतात.

विजेचंही तसंच. बाहेरची वीज गेली की त्याच क्षणी बॅटऱ्या भार घेतात. पण त्या काही मिनिटांच्याच सोबती. तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू व्हायला हवा. चार जनरेटर लागत असतील तर पाच ठेवायचे, हा साधा नियम.

आता माझ्या फजितीची गोष्ट. बरीच वर्षं झाली, तेव्हा मी एका ठिकाणी रात्रपाळीला होतो. वीज गेली, बॅटऱ्यांनी भार घेतला आणि जनरेटर चालूच होईना! दुपारी सर्व्हिसिंग झालं होतं. नंतर एक खटका 'ऑटो'वर परत आणायचा राहिला होता आणि ते तपासायचं काम माझं होतं. धावत जनरेटरच्या खोलीशी गेलो, तर माझ्या कार्डाला त्या खोलीची परवानगीच नव्हती. दारावर सातारकडचे एक वयस्कर रखवालदार होते. मी ओरडलो, "काका, उघडा!" ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचं कार्ड चालत नाही तर मी कसं उघडू?" मग त्यांनी नियमाप्रमाणे कंट्रोल रूमला फोन लावला, होकार घेतला, पेटीचं सील तोडून किल्ली काढली, वहीत वेळ लिहिली आणि दार उघडलं. खटका फिरवला तेव्हा बॅटरीत चार मिनिटं उरली होती. काकांनी नियमही मोडला नाही आणि वेळही दवडला नाही. चुकलो होतो मी.

त्या रात्री मला आपले शिपाईमामा आठवले. शाळेत विजेची घंटा आली, तरी मामांनी व्हरांड्यातला रुळाचा तुकडा काढू दिला नाही. दर शनिवारी सकाळच्या शाळेला, वीज असली तरी ते त्यावरच टोल द्यायचे. आपण हसायचो. ते म्हणायचे, "हात विसरला तर ऐन वेळी काय करू?"

तेव्हापासून मी दर महिन्याला बाहेरची वीज मुद्दाम तोडून, खऱ्या भारावर जनरेटर चालवून बघतो. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. त्या दिवशी आमचे जनरेटर मुकाट्याने सुरू झाले. आमच्याकडे काय घडलं, याची बातमी झाली नाही. आमच्या धंद्यात शाबासकी म्हणतात ती हीच.

आणखी एक गोष्ट. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. सुदैवाने माणसं वाचली. पण ज्या ग्राहकांची मूळ प्रतही तिथेच आणि जपून ठेवलेली दुसरी प्रतही तिथेच होती, त्यांची माहिती कायमची गेली.

हे सगळं आज का सांगतोय? या मेळाव्यासाठी आपल्या मित्रांनी तीन महिने खपून शाळेची जुनी रजिस्टरं, स्नेहसंमेलनांचे फोटो, हस्तलिखितं स्कॅन केली. काल मी ऑफिसात विचारलं, हे सगळं ठेवलंय कुठे? एक प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी त्याच कपाटाशेजारच्या कॉम्प्युटरमध्ये. वर तेच पावसाळ्यात गळणारं कौलारू छप्पर!

बाई, तुमची परवानगी असेल तर मी आजच एक प्रत पुण्याला नेतो. दुसरी नाशिकच्या आपल्या मैत्रिणीने सांभाळायचं कबूल केलं आहे. आणि दर वर्षी 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर आम्ही दोघं आपापल्या प्रतीतला एखादा फोटो उघडून शाळेच्या ग्रुपवर टाकू. ज्या वर्षी फोटो येणार नाही, त्या वर्षी आम्हाला फोन करून खडसवा.

मामा आज नाहीत. पण येताना पाहिलं, रुळाचा तुकडा अजून तिथेच आहे. आज शनिवार आहे. जेवणाच्या सुट्टीचा टोल मी देऊ का?