माळ ओसाड नसतो

(कुर्डुवाडी येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. पाहणाऱ्याला तो नुसता खडक वाटतो, पण त्यात जीव असतो आणि त्याच्या आसऱ्याने मासळी वाढते. म्हणून १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य झाले. माढा, करमाळा, मोहोळ भागातील आपल्या माळाचेही तसेच आहे. जमीन मुरमाड, पाऊस जेमतेम. म्हणून आपण त्याला पडीक म्हणतो.

या पडिकावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते येतात. त्यांची मुळे माती धरतात, पाणी मुरवतात. अधूनमधून तरवड, हिवर, बोर असते. काळवीट, खोकड, लांडगा, चंडोल, तितर येथेच राहतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या पक्षी येतात व नाकतोडे, उंदीर फस्त करतात. हे काम ते फुकट करतात.

याच माळाचा राजा म्हणजे माळढोक. सुमारे मीटरभर उंचीचा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात खासगी शेते, गावे आली. जमिनीच्या व्यवहारात अडचणी झाल्या. ती तक्रार रास्त होती. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान माळ नांगरले गेले, पाण्यामागे ऊस आला, विजेच्या तारा आल्या, गवताळ रानात झाडेही लावली गेली. आज नान्नजला माळढोक क्वचितच दिसतो.

मग आपण काय करावे?

१) माळ पेटवू नये. गवताचे बी पडेपर्यंत चराई थांबवावी. नंतर कापून चारा घ्यावा.

२) बांधावर मारवेल राखावे. बांध टिकतो, जनावरांना वैरणही मिळते.

३) नाकतोडे दिसले की लगेच फवारणी करू नये. नुकसानीची पातळी पाहूनच निर्णय घ्यावा.

४) जमिनीवर घरटे दिसल्यास हात लावू नये, कुत्री दूर ठेवावीत व वन विभागास कळवावे.

५) काळविटांनी पीक खाल्ल्यास ताबडतोब वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा. तो आपला हक्क आहे.

गेलेला पक्षी हुकमाने परत येत नाही. पण गवत राखले तर माळावरचे बाकीचे जीव तरी टिकतील आणि दुष्काळात आपल्या गोठ्यालाही वैरण मिळेल. यंदा एक तुकडा तरी राखून पाहावा, एवढीच विनंती.