न दुखणारा दाह



पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. वैद्यकशास्त्रात याला दाह म्हणतात. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला धावून आल्याची ती खूण होय. काम झाले की सूज ओसरते. असा दाह आपला मित्रच आहे. परंतु कारण हटलेच नाही, तर तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षे धुमसतो. तो ठणकत नाही, म्हणून आपण डॉक्टरकडे जात नाही. तोवर आतल्या आत रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडत जाते.

आपल्याकडे हे निखारे कोठे आहेत? एक तर हवेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण मिळवून देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. (अशा परीक्षेत पहिला नंबर कोणाला हवा होता?) धुराचे सूक्ष्म कण फुफ्फुसात खोल उतरतात आणि दाह जागता ठेवतात, त्यात विडीची भर. दुसरा निखारा तोंडात. मशेरीने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की मधुमेह आटोक्यात येत नाही. साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात.

दाहाचा हृदयाशी संबंध आहे काय, हे दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर तपासले गेले. २०१७ साली निष्कर्ष आला. कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने झटक्यांचे प्रमाण घटले. मात्र त्याच औषधाने जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू किंचित वाढले, म्हणून ते सर्रास वापरात आले नाही. दाह पूर्ण विझवूनही चालत नाही, असा याचा अर्थ.

पूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या वेदनांनी ते त्रस्त असत. डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. घरातच डॉक्टर आल्या. तरीही धम्मदीक्षेला दोन महिने होण्यापूर्वीच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी मेटफॉर्मिनची गोळी रुग्णांना देण्यास फ्रान्समध्ये १९५७ साली सुरुवात झाली. त्यांच्या वेळी ती नव्हती. आपल्याला ती मिळते, आणि आपण "आता बरे वाटते" म्हणून बंद करतो!

आमच्या वसाहतीतील एका बंधूंनी असेच केले. ठेकेदाराकडे रोजंदारी, दवाखान्यात गेले की खाडा. सांधे दुखले की मेडिकलमधून गोळी आणायची आणि पाळीला जायचे. अशा गोळ्या रोज खाल्ल्याने मूत्रपिंडे बिघडतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही. साखरेने पायांची जाणीव गेलेली. बुटात खडा होता, तो दिवसभर टोचला तरी कळला नाही. जखम चिघळली. शेवटी अंगठा काढावा लागला. आम्ही शेजारी असूनही त्यांचा पाय कधी पाहिला नव्हता.

म्हणून आज भाषण लांबवीत नाही. ज्यांना साखर आहे, त्यांनी चपला-बूट काढून डावीकडच्या बाकावर बसावे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बॅटरी धरा; तळवे आणि बोटांमधल्या जागा आपण एकेक करून पाहू या.