पितृत्वाचा उंबरठा



मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेल्या या गौतमपुऱ्यात मातृत्वाचा गौरव करणे सोपे आहे. मी आज पित्याविषयी बोलणार आहे. स्त्री माता झाली हे तिचा देहच सांगतो. पुरुष पिता झाला हे समाजाला सांगावे लागते. विधी जन्मतात ते त्यासाठी.

अशा संक्रमणविधींचे तीन टप्पे आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये दाखविले: जुन्या स्थितीपासून वियोग, मधला उंबरठा आणि नव्या स्थितीत प्रवेश. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात थर्स्टन यांनी दक्षिणेतील कोरव जमातीची एक रीत नोंदली आहे. पत्नी प्रसूत होताच पतीच अंथरूण धरी आणि बाळंतिणीची औषधे घेई. आपल्याला हसू येईल. परंतु या वेदनेत माझाही वाटा आहे, असे सांगण्याचीच ती रीत नव्हे काय?

आपल्या गृह्यसूत्रांनीही जातकर्म पित्याकडेच सोपविले. जन्मवार्ता ऐकताच स्नान, नाळ कापण्यापूर्वी बाळाला सोन्याने मध-तूप चाटविणे, कानाशी मेधाजननाचा मंत्र. मुलीसाठी मात्र हे संस्कार मंत्राविना सांगितले, हे न्यून झाकण्याचे कारण नाही.

पुढे पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत रूढ झाली आणि पिता दूर पडला. माझ्या मुलीच्या जन्माची वार्ता मला तारेने कळली. मी स्नान केले, बर्फी वाटली. पण तिचे मुख पाहिले ते बाराव्या दिवशी. ताटातील तांदळांवर अंगठीने तिचे नाव लिहिले आणि बाहेर ओसरीवर येऊन बसलो. तिला मांडीवर घेण्याचे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही मागितले नाही. ती खंत आजही आहे.

केंद्र सरकारने १९९७ मध्ये आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा सुरू केली. रजा मिळाली, ती कशी घालवावी हे सांगणारा विधी मात्र हरपला आहे. वर्षाच्या आतील बाळास मध देऊ नये, असे वैद्यक आज सांगते; ते मानावेच. जातकर्माचे मर्म मधात नव्हतेच. पित्याने पहिल्याच घटकेला बाळाजवळ यावे, त्याच्या कानाशी बोलावे, हे ते मर्म. मुलगा असो वा मुलगी, तेवढे आपण राखावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.